लांकडाच्या गाभ्यांतील शत्रु

सन १८१० च्या जुलै महिन्यांत डेप्टफर्ड येथें 'क्वीन शार्लट' ही १०४ तोफांची इंग्रजी युद्धनौका पाण्यांत सोडण्यांत आली. परंतु समुद्रावर जाण्यापूर्वींच बुरशीनें तिचें लांकूड इतकें पोखरलें कीं, तिची नव्यानें बांधणी करावी लागली. शत्रूचा एक गोळाहि न लागतां! त्याच वर्षीं जूनमध्यें मुंबईच्या गोदींत जमशेटजी बमनजी वाडिया यांनीं बांधलेली सागवानी 'मिंडेन' तरंगली. ती मोडींत निघाली १८६१ सालीं. सागाच्या गाभ्यांत बुरशीला न मानवणारीं द्रव्यें निसर्गानेंच भरलेलीं असतात. इतर लांकडांस विष बाहेरून पाजावें लागतें, आणि तें आंत कसें पोंचवावें हाच खरा प्रश्न.

जॉन हॉवर्ड कायन यानें १८३२ सालीं पाऱ्याच्या एका जालीम क्षाराच्या पाण्यांत लांकूड भिजविण्याचें पेटंट घेतलें. वुलिच येथील बुरशीच्या खड्ड्यांत तीन वर्षें ठेवलेला त्याचा तुकडा शाबूत निघाला होता. १८३३ त खुद्द फॅरडेनें या कृतीवर व्याख्यान दिलें. पण क्षार महाग, लोखंड खाणारा, आणि नुसत्या भिजविण्यानें फार खोल न जाणारा. १८३८ त जॉन बेथेल यानें लांकूड लोखंडी टाकींत कोंडून क्रिओसोट तेल दाबानें आंत घालण्याची युक्ति काढली. रुळांखालचे स्लीपर पुढें याच तेलावर जगले.

गाभा मात्र हटवादीच राहिला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर डग्लस फरचे विजेचे खांब उभारतात. त्यांत तेल बाहेरच्या थरापुरतेंच मुरतें. पुढें चिरा पडल्या कीं पाणी व बुरशी कोऱ्या गाभ्यांत शिरतात. वरून खांब ठणठणीत, आंतून पोकळ. आणि त्यावर तारवाला चढतो. उभा खांब पुन्हा टाकींत घालणार कसा? ओरेगन राज्य विद्यापीठांतील संशोधकांनीं १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस यावर शेतीकडून उत्तर आणलें. जमिनींतील रोग मारणारीं व्हॅपाम, क्लोरोपिक्रिन हीं द्रव्यें त्यांनीं बुंध्याशीं तिरकीं भोकें पाडून ओतलीं व वर खुंट्या ठोकल्या. जेथें द्रव जात नाहीं तेथें त्याचा वायु जातो. बुरशी मरते आणि कित्येक वर्षें परतत नाहीं.

क्लोरोपिक्रिन पहिल्या महायुद्धांत खंदकांतील सैनिकांवर सोडलें गेलें होतें. तें हाताळणाऱ्या कामगाराला मुखवटा बांधावाच लागतो. व्हॅपामपासून निर्माण होणारा वायु मिथिल आयसोथायोसायनेट याचा. तेंच द्रव्य पुढें घनरूपांत ॲल्युमिनियमच्या नळ्यांत भरून मिळूं लागलें. नळीचें टोपण काढून ती भोकांत सरकविली कीं काम झालें.