स्टीफन उरोश, तिसरा
स्टीफन उरोश, तिसरा : (सु. १२७६ – ११ नोव्हेंबर १३३१). मध्ययुगीन सर्बियाच्या नेमान्यिच घराण्यातील एक राजा. कारकीर्द १३२२ ते १३३१. कोसोव्होतील देचानी येथील मठाचा संस्थापक म्हणून तो स्टीफन देचान्स्की या नावाने अधिक परिचित आहे. पित्याने त्याला आंधळे करण्याची शिक्षा दिली आणि पुत्राने त्याला पदच्युत केले. त्याच्या जीवनात दिसणारा हा पिता-पुत्रांचा संघर्ष केवळ वैयक्तिक वैराचा नव्हता. वारसाहक्काचा निश्चित नियम नसलेल्या राजघराण्याची ती जुनी व्याधी होती.

स्टीफनच्या जन्माच्या सुमारास, १२७६ मध्ये, त्याचा चुलता द्रागुतिन याने आपला पिता पहिला स्टीफन उरोश याला गादीवरून दूर केले. पुढे घोड्यावरून पडून जायबंदी झाल्यावर द्रागुतिनने १२८२ मध्ये देझेव्हो येथे धाकटा भाऊ मिलुतिन (दुसरा स्टीफन उरोश) याच्याकडे राज्य सोपविले. मिलुतिननंतर द्रागुतिनच्या मुलाला गादी मिळावी, असे त्या वेळी ठरले होते, असे मानले जाते. द्रागुतिनने उत्तरेकडील प्रदेश स्वतःकडे राखल्यामुळे एकाच घराण्याच्या दोन शाखा परस्परांच्या प्रतिस्पर्धी बनल्या. स्टीफन हा मिलुतिनचा मुलगा. तरुणपणी मिलुतिनने त्याला तार्तर सरदार नोगाई याच्याकडे ओलीस म्हणून पाठविले होते. नोगाईच्या अखेरच्या सुमारास तो स्वदेशी परतला. त्याचा विवाह बल्गेरियाचा राजा स्मिलेत्स याची मुलगी थिओडोरा हिच्याशी झाला. दूशान हा या विवाहातून झालेला मुलगा. मिलुतिनने स्टीफनला झेटा (सांप्रतच्या माँटेनीग्रोचा व उत्तर अल्बेनियाचा काही भाग) या किनारी प्रांताचा कारभार दिला.

मिलुतिनने राजकीय हेतूंनी अनेक विवाह केले. बायझंटिन सम्राट दुसरा अँड्रोनायकस याची मुलगी सिमोनिस हिच्याशी १२९९ मध्ये त्याचा विवाह झाला, तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती, तर मिलुतिनने चाळिशी ओलांडली होती. तिला अपत्य झाले नाही. तिची आई साम्राज्ञी आयरीन आपल्याच एका मुलाला सर्बियाची गादी मिळावी म्हणून खटपट करीत होती. द्रागुतिनची शाखाही आपला हक्क सोडण्यास तयार नव्हती. अशा परिस्थितीत झेटातील सरदारांच्या पाठिंब्याने स्टीफनने १३१४ च्या सुमारास बंड केले. ते मोडून काढण्यात आले. मिलुतिनने त्याला आंधळे करण्याची आज्ञा दिली आणि कुटुंबासह कॉन्स्टँटिनोपलला हद्दपार केले. दृष्टिहीन मनुष्य राज्य करण्यास अपात्र ठरत असल्यामुळे बायझंटिन दरबारात प्रतिस्पर्ध्याला निकामी करण्याचा हा रूढ मार्ग होता. स्टीफन तेथे पँटोक्रेटर मठात राहिला. सर्बियन धर्मगुरूंच्या मध्यस्थीने १३२० च्या सुमारास त्याला परतण्याची अनुज्ञा मिळाली व उपजीविकेसाठी बुदिम्ल्ये हा प्रदेश देण्यात आला.

मिलुतिन २९ ऑक्टोबर १३२१ रोजी मरण पावला. त्याने वारस निश्चित केलेला नव्हता. स्टीफनने डोळ्यांवरची पट्टी काढून आपली दृष्टी परत आल्याचे जाहीर केले. धार्मिक चरित्रकारांनी हा संत निकोलसचा चमत्कार मानला. आंधळे करण्याची शिक्षा पूर्णपणे अंमलात आणली गेली नसावी, असे आधुनिक इतिहासकारांचे मत आहे. काही असले, तरी या घोषणेमुळे त्याच्या हक्कातील मुख्य अडसर दूर झाला. आर्चबिशप निकोदिम याने ६ जानेवारी १३२२ रोजी त्याला राज्याभिषेक केला व त्याच वेळी दूशानला ‘तरुण राजा’ म्हणून मान्यता दिली. सावत्र भाऊ कॉन्स्टंटिन याने प्रतिकार केला, पण तो पराभूत होऊन मारला गेला. द्रागुतिनचा मुलगा व्लादिस्लाव याच्याशी संघर्ष १३२४ पर्यंत चालला. अखेर व्लादिस्लाव हंगेरीत पळून गेला.

राणी थिओडोरा १३२२ मध्ये मरण पावली. बान्यस्का येथील तिच्या थडग्यात सापडलेली सोन्याची अंगठी बेलग्रेडच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यानंतर स्टीफनने बायझंटिन सम्राटाच्या पुतण्याची मुलगी मारिया पॅलिओलोगिना हिच्याशी विवाह केला. वधू अल्पवयीन होती. विद्वान व मुत्सद्दी थिओडोर मेटोकायटीझ हा तिच्या आईचा पिता. या विवाहातून सिमेऑन हा मुलगा व मुली झाल्या. त्यामुळे दूशानला गादीसाठी एक सावत्र प्रतिस्पर्धी निर्माण झाला.

बायझंटिन साम्राज्यातील यादवी युद्धात (१३२१–२८) स्टीफनने वृद्ध अँड्रोनायकसचा पक्ष घेतला. त्याचा नातू तिसरा अँड्रोनायकस विजयी झाल्यावर सर्बियाविरुद्ध नवी आघाडी उभी राहिली. स्टीफनची बहीण ॲना हिला तिचा पती, बल्गेरियाचा राजा मिखाइल शिश्मान, याने १३२४ मध्ये टाकून दिले आणि तिसऱ्या अँड्रोनायकसची बहीण थिओडोरा हिच्याशी विवाह केला. कौटुंबिक अपमान आणि राजकीय भीती यांतून युद्धाचा प्रसंग ओढवला. २८ जुलै १३३० रोजी वेल्बझ्द (सांप्रतचे क्यूस्टेंडिल) येथे बल्गेरियन सैन्याचा पूर्ण पराभव झाला. मिखाइल प्राणांतिक जखमी होऊन मरण पावला. सर्बियाच्या बाजूने पश्चिम यूरोपातील भाडोत्री सैनिक लढले होते. नोव्हो ब्र्दो येथील खाणीचा उल्लेख १३२६ पासून आढळतो. रुप्याच्या उत्पन्नामुळे असे सैन्य बाळगणे सर्बियन राजांना शक्य होत होते. स्टीफनने बल्गेरिया खालसा न करता ॲनाचा मुलगा इव्हान स्टीफन याला तेथील गादीवर बसविले.

या विजयाचे श्रेय दूशानलाही मिळाले. दक्षिणेकडे आणखी प्रदेश जिंकावा, असे महत्त्वाकांक्षी सरदारांना वाटत होते. स्टीफन त्यांच्या दृष्टीने सावध होता. धाकट्या राणीच्या मुलाला गादी मिळेल, ही शंकाही दूशानच्या मनात होती. १३३१ मध्ये पिता-पुत्रांत उघड वैर सुरू झाले. तात्पुरता समेट टिकला नाही. दूशानने नेरोदिम्ल्ये येथे अकस्मात चाल केली. स्टीफन पेत्रिच किल्ल्यात पळाला, पण त्याला शरण जावे लागले. ८ सप्टेंबर १३३१ रोजी दूशानला राज्याभिषेक झाला. स्टीफनला झ्वेचान किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले व तेथेच ११ नोव्हेंबर रोजी तो मरण पावला. त्याला गळा दाबून मारण्यात आले, असे पंधराव्या शतकाच्या प्रारंभीचा चरित्रकार ग्रेगरी त्सांब्लाक सांगतो. दूशानचा यात कितपत हात होता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. विधवा राणी मारिया पुढे मार्ता या नावाने जोगीण झाली.

देचानी येथील चर्चचे बांधकाम १३२७ मध्ये सुरू झाले. १३३० च्या सनदेने मठाला जमिनी व गावे देण्यात आली. कोटोरचा फ्रान्सिस्कन साधू व्हिता हा त्याचा वास्तुशिल्पज्ञ. किनारपट्टीवरील रोमनेस्क-गॉथिक शैली आणि पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चची रचना यांचा येथे मिलाफ आढळतो. १३३५ मध्ये बांधकाम पूर्ण झाले ते दूशानच्याच आश्रयाखाली. पित्याला कैदेत टाकणाऱ्या पुत्राने पित्याचे कार्य तडीस नेले व त्याचे अवशेष तेथेच ठेवले. चर्चमधील भित्तिचित्रांत नेमान्यिच घराण्याचा वंशवृक्ष आहे. वेलीच्या फांद्यांवर शांतपणे विराजमान झालेल्या त्या राजांमध्ये एकमेकांना पदच्युत करणारे पिता-पुत्रही आहेत. सर्बियन चर्चने स्टीफनला संत मानले. २००४ मध्ये युनेस्कोने या मठाचा जागतिक वारशात समावेश केला.

दूशानने १३४६ मध्ये सम्राटपद धारण केले, परंतु वारसाहक्काचा प्रश्न त्यालाही सोडविता आला नाही. १३५५ मध्ये तो मरण पावताच त्याचा मुलगा पाचवा उरोश याच्याविरुद्ध सावत्र चुलता सिमेऑन याने स्वतःला सम्राट म्हणवून घेतले व पुढे थेसलीत वेगळे राज्य स्थापिले. १३७१ मध्ये पाचवा उरोश निपुत्रिक मरण पावला. सिमेऑनचा मुलगा जॉन उरोश राजत्याग करून ग्रीसमधील मेटिओरा येथे साधू झाला. ज्या गादीसाठी तीन पिढ्या आपापसांत झुंजल्या, त्या गादीवरील घराण्याची सत्ता देचानीची स्थापना झाल्यापासून अर्धशतकाच्या आतच संपुष्टात आली.