रुमाल गेले, फोटो उरले

परवा कपाट आवरताना जुनी हार्ड डिस्क सापडली. उघडली तर आत 'डीएससी ०००१' पासून सुरू होणारे शेकडो फोटो. सगळे मोडी कागदांचे. आणि काढणारा मीच!

२००८ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या भागातल्या एका छोट्या वाचनालयात जुन्या कागदांचे रुमाल होते. हातात नवा कॅमेरा, अंगात उत्साह. चार रविवारांत आम्ही तिघांनी सगळं 'डिजिटल' करून टाकलं. कुठला कागद कुठल्या रुमालातला, पाठीमागचं पान कोणतं, काही टिपून ठेवलं नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरलं आणि रुमाल गेले. उरले हे फोटो. पण पत्राचं पहिलं पान सापडतं, तर दुसरं कुठलं ते कळत नाही.

इचलकरंजीत वाढलेल्या माणसाने तरी ही चूक करू नये. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. पण माग धडधडायला लागण्याआधी वहिफणी असते. बीमवरचा एकेक धागा वहीतून आणि फणीतून ओवायचा. एक चुकला की ती रेघ ताकाभर दिसते. किचकट काम, आणि बघायला कुणी येत नाही.

कागदांचंही तसंच. मिरजेत शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी (१८५८–१९२४) पटवर्धनांची दप्तरं वाचून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' छापला. आमच्या संस्थानचा इतिहासही त्यांनीच लिहिला. पत्र कुणाचं, कुणाला, केव्हाचं, हे आधी ठरवायचं. हे सोपं नव्हे बरं का! पेशवाईतल्या पत्रांत बऱ्याचदा नुसतं 'छ १२ रमजान' असतं, साल नसतंच. मग मजकुरावरून साल ताडायचं आणि जंत्री उघडायची. अशी एक जंत्री करणारे बाळाजी प्रभाकर मोडक कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले.

१९९५ साली अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावी ग्रंथपाल आणि संगणकवाले जमले, त्यातून पुढे पंधरा रकान्यांची यादी झाली: शीर्षक, कर्ता, तारीख, विषय वगैरे. शास्त्रीबुवांना त्यात नवं काही वाटलं नसतं.

आपल्याकडे पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी 'जतन' ही प्रणाली केली. केंद्राच्या मोठ्या संग्रहालयांत ती बसवली, तिथल्या लोकांना शिकवलीही. चांगलंच झालं. पण तालुक्याच्या गावातल्या ग्रंथपालाचं काय? मी पुढे एका कार्यशाळेला गेलो होतो. स्कॅनर, रिझोल्यूशन यात दोन दिवस गेले, आणि नोंद कशी करायची याला जेवणानंतरचा अर्धा तास! माझ्या मते हे प्रमाण उलटं हवं. स्कॅनर कुणीही आठवड्यात शिकतो. मोडी वाचायला, तारीख लावायला, दर फाइलला नाव द्यायला आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या गावात ठेवायला शिकवावं लागतं.

असो. आता मोडी जाणणारे शेजारचे एक निवृत्त गुरुजी रविवारी येतात. ते वाचतात, मी रकाने भरतो. त्रेचाळीस नोंदी झाल्या. गेल्या रविवारी दोन पानं जुळली ती मजकुरावरून नव्हे, कसरीने दोन्हींत एकाच जागी पाडलेल्या भोकावरून. गुरुजी म्हणाले, "हेही लिहा रकान्यात."

लिहिलं.