रापणकारांचा समुद्र आणि आपल्या विहिरी

सृष्टीचे रक्षण हा पोट भरलेल्यांचा छंद आहे, असे आम्ही कामगार चळवळीतील माणसे पुष्कळ वर्षे ऐकत आलो आहोत. ज्याला रोजच्या मजुरीची विवंचना त्याला जंगलाचे आणि समुद्राचे काय, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब खोटा ठरविणारा इतिहास गोव्याच्या किनाऱ्यावर घडला आहे. तेरणेकाठच्या माणसांनी तो का ऐकावा, हे पुढे ओघाने येईलच.

किनाऱ्यावरून ओढावयाच्या मोठ्या जाळ्याला रापण म्हणतात. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडावयाचे आणि त्याचे दोन्ही दोर वाळूत उभे राहून अनेकांनी मिळून ओढावयाचे. आलेल्या बांगड्या-तारल्यांची वाटणी हिश्शांनी होई. रापण किनारा सोडून दूर जाऊ शकत नाही. म्हणून किनाऱ्यालगतचे पाणी हेच रापणकाराचे शेत.

१९६१ साली गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर सरकारी साहाय्याच्या बळावर यांत्रिक ट्रॉलर आले. कोळंबीला जपान-अमेरिकेत भाव होता, आणि कोळंबी मिळते ती उथळ पाण्यात. ट्रॉलरचे जाळे समुद्राचा तळ खरवडीत जाते, आणि बारीक छिद्रांमुळे माशांची पिल्लेही त्यात सापडतात. उथळ पाणी म्हणजे माशांचा पाळणा. पाळणाच उपसला तर पुढील साली जाळ्यात काय येणार?

१९७५ च्या सुमारास ‘गोंयच्या रापणकारांचो एकवट’ ही संघटना उभी राहिली. तिचे पुढारी माथानी साल्ढाणा हे पेशाने शिक्षक. किनाऱ्यालगतचा पट्टा ट्रॉलरांना बंद करा, ही मागणी. तिला पाच किलोमीटरांचे माप मिळाले. चळवळीतल्या माणसाला मापाचे मोल चटकन कळते. ‘समुद्र वाचवा’ म्हटल्याने कोणावरच बंधन येत नाही. पाच किलोमीटर म्हटले की रेघ पडते, आणि ती कोणी ओलांडली हे सांगता येते.

मोर्चे निघाले, उपोषणे झाली, भर समुद्रात चकमकीही झडल्या. १९७८ साली निरनिराळ्या राज्यांतील पारंपरिक मच्छीमार एका राष्ट्रीय मंचावर आले. १९८५ साली त्या मंचाची कामगार संघटना म्हणून रीतसर नोंदणी झाली. गोवा व केरळ यांनी १९८० साली आणि महाराष्ट्राने १९८१ साली सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. १९८८ साली केरळात पावसाळी ट्रॉलबंदी आली. १९८९ साली दोन्ही किनाऱ्यांवरून निघालेल्या यात्रा १ मे रोजी, म्हणजे कामगारदिनी, कन्याकुमारीस मिळाल्या. पाणी राखा, जीवन राखा, हा त्यांच्या घोषणेचा आशय होता. त्या मेळाव्यावर पोलिसांनी गोळीबार केला.

येथे एक अडचण लपवून ठेवता येत नाही. ट्रॉलरवरचा खलाशीही कामगारच आहे. बोट थांबली की त्याचीही चूल थंडावते. म्हणून आमचे म्हणणे असे की, भांडण यंत्राशी नव्हे, बेहद्द यंत्राशी आहे. मासळीचा साठाच संपला तर रापणकार आधी उपाशी आणि खलाशी मागाहून, एवढाच काय तो फरक.

आता आपल्या गावाकडे येऊ. १९९३ हे साल किल्लारीला विसरता येत नाही. ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने गाव जमीनदोस्त केले. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मोठ्या यांत्रिक जाळ्यांवरील केरळची बंदी उचलून धरली. आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचे नियमन करणारा कायदा झाला: सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरांच्या आत परवानगीवाचून विहीर घेऊ नये. पुढे २००९ चा कायदा त्याच्या जागी आला. ही ५०० मीटरांची रेघही समुद्रातल्या रेघेसारखीच होती. पण आपल्यापैकी किती जणांना ती ठाऊक होती? बोअर खोल खोल गेले, शेजाऱ्याच्या विहिरी आटल्या. पाऊस कमी झाला हे खरेच. तथापि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याचे सगळे खापर आभाळावर फोडता येणार नाही. ज्याचे यंत्र मोठे त्याने सर्वांचा साठा आधी उपसावा, हा न्याय समुद्रात आणि जमिनीखाली एकच आहे.

समुद्रातली रेघ आजही ओलांडली जाते. २०१७ साली केंद्राने बंदी घातलेल्या प्रखर दिव्यांच्या मासेमारीविषयी पुढेही तक्रारी होत राहिल्या. पण तक्रार होते ती, तिला तोंड फोडणारी संघटना किनाऱ्यावर उभी आहे म्हणून. कायदा कागदावर असतो. त्याचा पहारेकरी गावात असावा लागतो. आपल्या गावच्या पाण्याच्या टाकीची विहीर कोठे आहे, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्याभोवती ५०० मीटरांची फीत धरावयास उद्या कोण कोण येणार, एवढे विचारून आम्ही थांबतो.