शिष्य, शिष्टि आणि शासन : शालेय शिक्षेच्या मर्यादेचा विचार

शाळेतील शिक्षेचा इतिहास बहुधा कठोरतेकडून सौम्यतेकडे झालेली वाटचाल म्हणून सांगितला जातो. शब्दांची आणि धर्मग्रंथांची साक्ष घेतली असता हे चित्र अपुरे ठरते.

मराठीत ‘शिक्षा’ म्हणजे दंड. हिंदीत त्याच शब्दाचा रूढ अर्थ विद्यादान. ‘शिष्य’, ‘शास्त्र’ आणि ‘शासन’ हे तिन्ही शब्द ‘शास्’ या धातूपासून सिद्ध झाले असून, शिकविणे व दंड करणे हे दोन्ही अर्थ त्या धातूत आहेत. यावरून ताडन हे अध्यापनाचे अंगच मानले जात होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. लाडाने दोष आणि ताडनाने गुण उपजतात, हे पतंजलीच्या महाभाष्यातील (८.१.८) मतही त्यास पोषक वाटते.

तथापि गौतमधर्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातील विधान निराळे आहे. शिष्यास वळण लावावे ते न मारता, हा तेथील मूळ नियम होय. ते न साधल्यास बारीक दोरी वा वेळूची चिरफळी वापरावी; अन्य साधनाने मारणारा गुरू राजदंडास पात्र ठरतो. शिष्याच्या वळणास ‘शिष्टि’ म्हणणारा हा सूत्रकार दंडनीय गुरूस ‘शास्य’ म्हणतो. धातू एकच, शासनाचा विषय मात्र पालटला. मनुस्मृतीतही अहिंसेने अनुशासन (२.१५९) आणि पाठीपुरते मर्यादित ताडन (८.२९९-३००) अशी दोन्ही विधाने आढळतात, मर्यादा ओलांडणाऱ्यास तेथे चोराचा दंड सांगितला आहे.

१८६० च्या भारतीय दंड संहितेने ही मर्यादा निराळ्या पायावर उभी केली. बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने व सद्भावनेने केलेले कृत्य कलम ८९ नुसार अपराध ठरत नसे. साधन कोणते, आघात कोठे, हे प्रश्न मागे पडून शिक्षकाचा हेतू ही मुख्य कसोटी झाली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई विहित केली. दंडविधीतील जुना अपवाद मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये कायम आहे.

सारांश, छडी किती कठोर होती यापेक्षा ती उगारणारा कोणास उत्तरदायी होता, हा या इतिहासातील मूलगामी प्रश्न होय. गुरूचा सद्हेतू हीच जेथे अखेरची कसोटी ठरते, तेथे शिष्याचे रक्षण गुरूच्या मर्जीवर अवलंबून राहते. गौतमाने ते तसे राहू दिले नव्हते.