रेडिओच्या काचेवर पुणं नव्हतं

आजचा भाग एका काचेबद्दल आहे. आणि सुरुवातीलाच कबुली देऊन टाकतो, त्या काचेवरचं अर्धं लाहोर मी स्वतःच्या हातानं पुसलं. अर्धं ढाक्का पण.

झालं असं. आमच्या सदाशिव पेठेतल्या जुन्या घराचा माळा रिकामा करत होतो. गाद्या, पितळी बंब, आणि एका जुन्या चादरीत गुंडाळलेला आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ. लाकडी पेटी, पुढे जाळीदार कापड आणि खाली एक लांब काच. त्या काचेवर गावांची नावं, आकडे आणि त्यांच्या मागे फिरणारा काटा. काचेवर धूळ होती. मी काय केलं? काच बाहेर काढली, फडकं ओलं केलं आणि दोन्ही बाजूंनी पुसली. फडक्यावर पिवळसर रंग आला. मला वाटलं, किती मळ! तो मळ नव्हता. ती अक्षरं होती.

आता हे का होतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या घरी असा सेट असेल तर तो तरी वाचेल. ही अक्षरं काचेच्या मागच्या बाजूला, उलटी छापलेली असतात. समोरून बघितलं की सुलटी दिसतात. पुढून कितीही बोटं लागली तरी छपाईला धक्का लागत नाही, ही त्यातली हुशारी. पण मागे दिव्याची उष्णता, दमट हवा आणि साठ-सत्तर वर्षं. रंगाची काचेवरची पकड सुटते. अक्षरं नुसती टेकून उभी असतात, ओलं फडकं लागलं की संपलं. म्हणून पहिला नियम : काचेच्या मागच्या बाजूला हात लावायचा नाही. आधी फोटो काढायचा. मग पुढचं.

आता त्या काचेवर काय काय होतं ते ऐका, कारण खरा इतिहास तिथेच आहे.

तुमच्या फोनमध्ये स्टेशन शोधायचं तर नाव टाईप करता. व्हॉल्व्हच्या रेडिओत तुम्ही बटण फिरवायचं, त्या बटणाला दोरा, दोऱ्याला काटा. तो काटा ज्या नावावर उभा राहील ते गाव बोलणार. म्हणजे ती काच एक नकाशाच होती, फक्त त्यात अंतर किलोमीटरमध्ये नसून लहरींच्या लांबीत, मीटरमध्ये असायचं. आमच्या काचेवर इंग्रजीत बॉम्बे, दिल्ली, कलकत्ता, मद्रास, लखनौ, त्रिची ही नावं होती. आणि त्याच ओळीत, त्याच रंगात लाहोर, पेशावर, डाक्का.

ही यादी वाचूनच सेटचं वय कळतं. फाळणीच्या वेळी ऑल इंडिया रेडिओची नऊ केंद्रं होती. ऑगस्ट १९४७ मध्ये सहा भारतात राहिली आणि लाहोर, पेशावर, ढाका ही तीन पाकिस्तानात गेली. आमच्या काचेवर ती नऊच्या नऊ एका कुटुंबासारखी बसली होती. देशाची वाटणी झाली, पण दिवाणखान्यातल्या काचेपर्यंत ती कधी पोचलीच नाही.

आणि आता गंमत बघा. पुण्यातल्या घरातला रेडिओ, पण काचेवर पुणं नाही!

कारण साधं आहे. पुण्याला तेव्हा केंद्रच नव्हतं. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, तेव्हा ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाच्या खासगी कंपनीचं होतं. ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं १९३६ मध्ये. पुणं मात्र मुंबई ऐकत राहिलं. आपलं पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला. म्हणजे त्याआधी बनलेल्या सेटच्या कंपनीला पुणं छापायचं कारणच नव्हतं.

मग लोकांनी काय केलं? आमच्या आजीनं काय केलं ते सांगतो. काचेच्या पुढच्या बाजूला, कलकत्त्याच्या थोडं डावीकडे, एक लाल ठिपका आहे. तीळभर. मला आधी वाटलं रंग उडालाय. आत्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "अरे, ते पुणं आहे."

१ एप्रिल १९५५, रामनवमी. त्या दिवशी पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांचं संगीत, सीताकांत लाड यांच्या पुढाकारानं. दर आठवड्याला नवं गीत. एप्रिल १९५६ पर्यंत एकूण छप्पन्न गीतं झाली. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची. आजीला इंग्रजी वाचता येत नव्हतं आणि वाचता आलं असतं तरी पुणं छापलेलं नव्हतंच. आजोबा ऑफिसात. स्टेशन हुकलं तर गाणं गेलं, रेकॉर्ड करून परत लावायची सोय कुणाकडे होती? तेव्हा तिनं काट्याची जागा बघून काचेवर कुंकवाचं बोट टेकवलं. कुंकू पुसलं जायचं, ती पुन्हा लावायची. पुढे आत्या नोकरीला लागली, तेव्हा, म्हणजे १९८०च्या सुमाराला, तिनं स्वतःच्या नेलपॉलिशनं तो ठिपका कायमचा करून टाकला.

आणि म्हणूनच तो वाचला. कंपनीची छपाई माझ्या फडक्यानं गेली. आजीचं पुणं राहिलं.

आता दुरुस्ती. रेडिओचं पोट, म्हणजे कंडेन्सर, व्हॉल्व्ह, वायरिंग, हे एका जुन्या मेकॅनिक काकांनी केलं. आयुष्यभर हेच काम केलेला माणूस. काचेचं मात्र ते म्हणाले, "हे तुमचं तुम्ही बघा. पुसलंत तुम्ही."

पहिले दोन महिने मी तशीच दुसरी काच शोधली. रविवारी आणि बुधवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार, इतर दिवशी तपकीर गल्ली. रेडिओ मिळाले, काचा मिळाल्या, पण आमच्या सेटची नाही. प्रत्येक मॉडेलची काच वेगळी असते. का, तर काटा कुठे उभा राहील हे आतल्या गँग कंडेन्सरच्या पत्र्यांचा आकार आणि दोऱ्याच्या चाकाचा व्यास ठरवतात. त्यामुळे काचेवरचे आकडे फूटपट्टीसारखे समान अंतरावर नसतात. एका टोकाला ऐसपैस, दुसऱ्या टोकाला दाटीवाटी. दुसऱ्या मॉडेलची काच बसवली तर सेट सुंदर दिसेल, पण खोटं बोलेल.

म्हणजे नवी छापायची. उरलेली काच फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवली. फोनच्या फोटोत कडा वाकतात, स्कॅनरमध्ये माप खरं येतं. मग संगणकावर एकेक रेघ, एकेक अक्षर नव्यानं काढलं. मीटरचे आकडे बरेचसे वाचले होते. जी नावं मी पुसली होती त्यांच्यासाठी ऑल इंडिया रेडिओचं 'इंडियन लिसनर' हे जुनं पाक्षिक कामी आलं. त्याचे स्कॅन केलेले अंक ऑनलाइन बघायला मिळतात. त्यात प्रत्येक केंद्राचे मीटर दिलेले असायचे : दिल्ली ३३८.६, लाहोर २७६, मुंबई २४४. आकड्यांची पट्टी हाताशी, त्यामुळे लाहोर त्याच्या जागी परत ठेवता आलं.

काचेवर छापण्याआधी पारदर्शक शीटवर एक चाचणी प्रिंट काढली. आजीच्या ठिपक्याची जागा जुन्या काचेवरून ट्रेस करून घेतली होती. शीट बसवली, सेट लावला, व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट गेलं, आणि पुणे केंद्र लागलं. पुणे केंद्र म्हणजे ७९२ किलोहर्ट्झ. मीटरमध्ये हवं असेल तर तीन लाखाला ७९२ नं भागा, साधारण ३७९ मीटर येतात. काटा बरोबर आजीच्या ठिपक्यावर. पण माझ्या प्रिंटवरची ३८० ची जागा तिथून ३ मिलिमीटर डावीकडे!

काकांना वाटलं, सेटचं ट्यूनिंग हललं. मला वाटलं, ठिपका चुकला. शेवटी पट्टी लावून मोजलं. २६ सेंटिमीटरची पट्टी माझ्या शीटवर २५.२ भरली. प्रिंट करताना 'फिट टू पेज'ची खूण तशीच राहिली होती. संगणकानं गुपचूप तीन टक्के खाल्ले होते. कुंकवाच्या बोटानं लावलेली खूण बरोबर आणि माझा संगणक चूक. काका इतके हसले की चहा सांडला.

माप दुरुस्त केलं आणि लग्नपत्रिका छापणाऱ्या एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे गेलो. साध्या लेझर प्रिंटरला पांढरा किंवा क्रीम रंग छापताच येत नाही, म्हणून स्क्रीनच हवी. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट, आणि सगळं उलटं, काचेच्या मागून.

छापायच्या आदल्या रात्री घरात भांडण. आत्या म्हणाली, "नवी काच करतोयस ना, मग पुणं छाप की! आणि बॉम्बे कसलं, मुंबई लिही." काका म्हणाले, "कंपनीनं दिलं तेच छापायचं. ठिपका नको, तो डाग आहे." मी मधे.

दोघांचं म्हणणं चूक नव्हतं. त्यात आणखी एक भर : नोव्हेंबर १९७८ मध्ये जिनिव्हाच्या करारानुसार मीडियम वेव्हची स्टेशनं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली. ७९२ म्हणजे बघा, अठ्ठ्याऐंशी नव्वे. जुन्या काचेवर मुंबई २४४ मीटरला आहे. आज मुंबईचं एक केंद्र ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे पट्टीच्या पार दुसऱ्या टोकाला. मग 'बरोबर' काच कुठल्या वर्षाची? आजची बरोबर काच केली असती, तर आमच्या हातानं लाहोर दुसऱ्यांदा पुसलं गेलं असतं.

शेवटी असं केलं. काचेच्या मागच्या बाजूला कंपनीचं सगळं छापलं, नऊच्या नऊ केंद्रं, बॉम्बे आणि डाक्का या स्पेलिंगसकट. काचेचा तो भाग कारखान्याचा. पुढची बाजू ऐकणाऱ्यांची. तिथे आत्यानं स्वतः, चष्मा लावून, नेलपॉलिशचा ठिपका दिला. जुनी काच फेकली नाही. कापडात गुंडाळून पेटीच्या आत ठेवली आहे, सोबत एक चिठ्ठी : ही मूळ काच, पुढची नवी, अमुक वर्षी केली. उद्या कुणी सेट उघडला तर त्याची फसवणूक व्हायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या आम्ही त्या सेटवर ऐकल्या. आत्या बटण फिरवत होती. तिनं काचेवरचं एकही अक्षर वाचलं नाही. काटा ठिपक्यावर आणला आणि हात काढून घेतला.

तर मंडळी, तुमच्या घरी माळ्यावर असा सेट असेल तर काच पुसू नका. आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला बोलवा आणि विचारा, ही खूण कसली? पेन्सिलची रेघ, चिकटवलेला कागदाचा तुकडा, टिकली, काहीही असेल. आणि काय सांगितलं ते आम्हाला व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात ऐकू या. भेटू लवकरच!