छातीत जळजळ: पित्त की हृदयविकार?

रात्री जेवणानंतर छातीत जळजळ सुरू झाली की आपण ओवा चावतो, सोडा पितो आणि पडून राहतो. बहुतेक वेळा ते पित्तच असते. पण कधी हीच हृदयविकाराच्या झटक्याची सुरुवात असते.

दोन्ही दुखणी सारखी का वाटतात?

अन्ननलिका हृदयाच्या अगदी मागून खाली जाते. दोन्हींच्या वेदना मेंदूकडे जवळपास एकाच मार्गाने पोहोचतात. त्यामुळे नुसत्या वर्णनावरून डॉक्टरांनाही खात्रीने सांगता येत नाही. ईसीजी काढावाच लागतो.

पित्ताची शक्यता जास्त केव्हा?

• जळजळ पोटाच्या वरच्या भागातून घशाकडे येते
• तोंडात आंबट पाणी येते
• आडवे झाल्यावर किंवा वाकल्यावर त्रास वाढतो

हृदयविकाराची शंका केव्हा घ्यावी?

• छातीवर ओझे ठेवल्यासारखा दाब
• वेदना डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणे
• दरदरून घाम, धाप, चक्कर
• चालताना त्रास वाढणे, थांबल्यावर कमी होणे

मधुमेही, वयस्कर व्यक्ती आणि स्त्रियांमध्ये फक्त मळमळ, थकवा किंवा धाप एवढेच लक्षण असू शकते. सोड्याने बरे वाटले म्हणून हृदय ठीक आहे, असे समजू नका.

अशा वेळी काय कराल?

१०८ ला फोन करा. स्वतः मोटारसायकल चालवत निघू नका. बारामतीहून पुणे सुमारे १०० किलोमीटर आहे, इंदापूरहून त्याहून लांब. ‘थेट पुण्यालाच नेऊ’ म्हणत वेळ घालवू नका. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, इंदापुरात उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळ ईसीजीची सोय असेल तिथे आधी जा. अँजिओप्लास्टीला उशीर होणार असेल, तर काही रुग्णांना गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. पहिला ईसीजी नॉर्मल आला तरी डॉक्टर तो पुन्हा काढतात आणि ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात. त्यासाठी थांबा.

पित्तामुळे हृदयविकार होतो का?

पित्तामुळे थेट हृदयविकार होतो, असे नाही. पण वाढलेले वजन आणि तंबाखू दोन्हींना खतपाणी घालतात. रात्री उसाला पाणी देऊन आल्यावर भरपेट जेवून लगेच झोपू नका. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास ठेवा.

हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर

अ‍ॅस्पिरिनने जठराला त्रास होऊ शकतो, तरी ती स्वतःहून बंद करू नका. क्लोपिडोग्रेल घेत असाल तर मेडिकलमधून परस्पर ओमेप्राझोल घेऊ नका. त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होऊ शकतो. पित्ताची कोणती गोळी चालेल, हे डॉक्टरांना विचारा.

शंका असेल तर ईसीजी काढा. पित्तच निघाले, तरी तो वेळ वाया गेला असे समजू नका.