शिल्पशास्त्रांच्या शाखा व चांदा प्रांतातील तलाव : चिमूरच्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नानिमित्त

चिमूर म्हटले की इतिहासाच्या अभ्यासकास 1942 च्या ऑगस्टातील लढा आठवतो, व भाविकास बालाजीची घोडायात्रा. प्रस्तुत लेखाचा विषय या दोहोंहून निराळा आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची कन्या बारावीची परीक्षा उत्तीर्ण होऊन आमच्याकडे आली. तिच्या हाती अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शाखांची यादी होती. स्थापत्य, यांत्रिकी, विद्युत, खनिकर्म, रसायन, संगणक अशी नावे वाचून दाखवून तिने विचारले, "गुरुजी, यांतली कोणती घेऊ? आणि ही एवढी नावे आली तरी कोठून?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा आम्हांस अधिकार नाही, आमचे सारे आयुष्य शब्दरूपावली व अमरकोश शिकविण्यात गेले. दुसरा प्रश्न मात्र सर्वस्वी इतिहासाचा आहे. आणि दुसऱ्याचे उत्तर नीट दिले तर पहिल्याचेही थोडेबहुत मिळेल असे वाटल्यावरून हे टिपण वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शाखाभेद ही कल्पना आपल्याकडे नवीन नाही. कै. कृष्णाजी विनायक वझे हे स्वतः पुण्याचे एल. सी. ई. असून त्यांनी प्राचीन हिंदी शिल्पशास्त्राच्या अभ्यासास आयुष्य वाहिले. भृगूच्या नावावर चालणाऱ्या शिल्पसंहितेच्या आधारे त्यांनी जे वर्गीकरण प्रसिद्धीस आणले ते येणेप्रमाणे : धातुखंडात कृषि, जल व खनि, साधनखंडात नौका, रथ व अग्नियान, वास्तुखंडात वेश्म, प्राकार व नगररचना, आणि या सर्वांस उपकारक असे दहावे यंत्रशास्त्र. या संहितेचा काळ निश्चित झालेला नाही, व अग्नियान हा शब्द दिसताच पूर्वजांच्या आकाशगमनाचे मनोरे रचणाऱ्यांच्या पंक्तीस बसण्याची आमची इच्छा नाही. सदर वर्गीकरण आम्ही एवढ्याच पुराव्यादाखल घेतो की, पाणी अडविणारा, खाण खोदणारा आणि तट बांधणारा यांच्या विद्या भिन्न होत, हे आपल्या पूर्वसूरींस ठाऊक होते.

विद्यांचा हा भेद झाला; अधिकाराचा भेद याहून निराळा. मयमतात शिल्पी चार सांगितले आहेत : स्थपति, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकि. स्थपति हा सर्व शास्त्रे जाणणारा योजक. सूत्रग्राही हा त्याचा पुत्र अथवा शिष्य; सूत्र व दंड घेऊन मापे धरणे हे त्याचे काम. तक्षक लाकूड व दगड तासतो, आणि वर्धकि तासलेले जोडून वाढवितो. यांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, सूत्रग्राही हा पुढे स्थपति व्हावयाचा असे. म्हणजे सूत हाती धरल्यावाचून योजकपद नाही.

आता या दहा शास्त्रांपैकी आमच्या चांदा प्रांतात कोणती प्रत्यक्षात उतरली ते पाहू. पहिला मान अर्थातच जलशास्त्राचा. चिमूरहून पूर्वेस नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे जाऊ लागले की धानाच्या बांध्या आणि त्यांच्या डोक्याशी तलाव व बोड्या यांची माळ सुरू होते. या तलावांची उत्पत्ती परंपरा गोंड राजांच्या धोरणात पाहते. राजा हीरशहाने, जो कोणी अरण्य तोडून तलाव बांधील त्यास त्या तलावाने भिजेल तेवढी जमीन लावून दिली, असे सांगतात. चांद्याच्या 1869 च्या जमाबंदी अहवालात मेजर ल्यूसी स्मिथ याने या प्रांताची जी हकीकत संकलित केली, तिच्यामुळे ही परंपरा छापील साधनांत आली. अशा देणगीच्या जमिनीशी 'तुकूम' हा शब्द निगडित आहे असे मानतात. खुद्द चंद्रपूर शहराच्या एका भागास हे नाव आहे व आसपासच्या तालुक्यांतील गावांच्या नावांसही ते जोडलेले आढळते. राजाने द्रव्य दिले नाही. जमीन देऊ केली, आणि तीही तलाव साधला तरच. तलाव फुटला तर भिजणारी जमीन नाही, व जमीन नाही तर देणगीही नाही. कारागिराचा स्वार्थ त्याच्या कामाच्या टिकाऊपणाशी बांधणारी याहून साधी व्यवस्था आमच्या वाचनात नाही.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा लौकिक विशेष. भंडारा व चांदा या दोन्ही जिल्ह्यांत त्यांची वस्ती असून, गोंड राजांनी त्यांस काशीकडून आणविले असे त्यांची परंपरा सांगते. नवेगाव बांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याने बांधल्याची आख्यायिका सर्वश्रुत आहे. यांपैकी कोणी बृहत्संहिता वाचली होती असे आम्ही म्हणत नाही. तथापि सहाव्या शतकातील वराहमिहिराने दकार्गलाध्यायात जे लिहिले आहे ते या तलावांशेजारी ठेवून पाहण्याजोगे आहे. तो म्हणतो की पूर्वपश्चिम लांब असलेली पाली पाणी दीर्घकाळ धरते. दक्षिणोत्तर असलेली वाऱ्याने उठणाऱ्या लाटांनी खचते, व तशीच बांधणे भाग असेल तर तिला लाकडाचा वा दगडाचा आधार द्यावा आणि माती जनावरांकडून तुडवून घट्ट करावी. काठावर अर्जुन, वड, आंबा, जांभूळ इत्यादी वृक्ष लावावे, व पाणी जाण्यास एका बाजूस दगडांनी बांधलेले नैर्वाहिक द्वार ठेवावे. आमच्या खेड्यांत तलावाच्या बांधास आजही 'पाळ' म्हणतात. संस्कृत पाली आणि मराठी पाळ यांचे नाते वाचकांस सांगावयास नकोच. पाणी सोडण्याच्या द्वारास मात्र इकडे 'तुडुम' असा खास देशी शब्द आहे. त्याचे मूळ कोणी भाषाभ्यासकाने शोधावे. पाळ, तुडुम, सांडवा व पाट या चार अंगांत आजच्या स्थापत्य शाखेतील मृत्तिकाशास्त्र, जलगतिशास्त्र व पाटबंधारे हे तिन्ही विषय बीजरूपाने येतात.

खनिशास्त्राची हकीकत निराळी व अधिक बोधप्रद. वरोड्याची सरकारी कोळशाची खाण एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरू झाली आणि 1906 साली बंद पडली. लोहाऱ्याच्या टेकडीतील लोखंडाचा दगड पूर्वीपासून प्रसिद्ध होता. तो कोळशाच्या भट्टीत गाळून लोखंड काढणारे देशी कारागीर या प्रांतात होते. 1882 साली फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांद्यातील लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला, व तो जमशेटजी टाटा यांच्या दृष्टीस पडला. हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्याची त्यांची कल्पना येथून दृढ झाली. परंतु वरोड्याचा कोळसा परीक्षेसाठी जर्मनीस पाठविला असता तो धातू गाळण्यास योग्य ठरला नाही. पुढे भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांनी मयूरभंजातील लोखंडाची वार्ता दिली आणि 1907 साली स्थापन झालेल्या कंपनीचा कारखाना साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास, उभा राहिला. लोहाऱ्यास दगड होता, वरोड्यास कोळसा होता. तरी दोहोंच्या गुणांचा मेळ बसला नाही. खनिकर्म, धातुशास्त्र व रसायन या तीन शाखा वेगळ्या का शिकवाव्या लागतात याचे उत्तर या एका हकीकतीत आहे.

प्राकारशास्त्रासाठी दूर जावयास नको. चांद्याचा तट सात मैलांहून अधिक घेराचा असून जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे त्याचे चार दरवाजे आजही वाहत्या रस्त्यांवर उभे आहेत. तटाचा आरंभ परंपरा खांडक्या बल्लाळशहाकडे देते. भद्रावतीच्या तलावात जड दगडी खांबांच्या दोन ओळींवर उभारलेला जुना पूल आहे. कमानीवाचून केवळ खांब व तुळ्या यांवर भार कसा तोलावा हे पाहावयाचे असल्यास विद्यार्थ्याने तेथे जावे.

येथवर जुन्या शाखा झाल्या. नव्या शाखा मात्र संहितेतून आलेल्या नाहीत. त्या सरकारी खात्यांच्या गरजेतून आल्या. गंगेच्या कालव्यास माणसे हवीत म्हणून 1847 साली रुरकीस विद्यालय निघाले. पुण्यास 1854 साली जो अभियांत्रिकीचा वर्ग निघाला त्याचा हेतू बांधकाम खात्यास दुय्यम अधिकारी पुरविणे हा होता; म्हणजे मयमताच्या भाषेत तेथे प्रथम सूत्रग्राही तयार होत, स्थपति मागाहून. याच विद्यालयातून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1883 साली पहिल्या क्रमांकाने एल. सी. ई. झाले, 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून लागले, आणि 1903 साली खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी योजलेली स्वयंचलित दारे बसली. मुंबईस 1887 साली व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळा निघाली ती गिरण्यांच्या यंत्रांसाठी. आमच्या विदर्भात नागपूरची अभियांत्रिकी शाळा 1914 ची, रसायनतंत्रासाठी लक्ष्मीनारायण संस्था 1942 ची, विश्वेश्वरय्यांच्या नावाचे प्रादेशिक महाविद्यालय 1960 चे, आणि खुद्द चंद्रपूरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1996 चे. तात्पर्य, कालव्यास स्थापत्य, गिरणीस यांत्रिकी, दिव्यास विद्युत, खाणीस खनिकर्म, असा प्रत्येक शाखेचा जन्म एकेका कामापोटी झाला आहे. चिमूरच्या मुलास 1950 पूर्वी या वाटेने जावयाचे तर नागपूर वा त्याहून दूर गाठावे लागे. आज तो चंद्रपुरास शिकू शकतो.

पायऱ्यांचा क्रमही जुनाच राहिला आहे. आज दहावीनंतर तीन वर्षांची पदविका घेऊन थेट पदवीच्या दुसऱ्या वर्षास जाता येते. हा सूत्रग्राहीचा मार्ग. बारावीनंतर चार वर्षांची पदवी. हा दुसरा मार्ग. दोन्ही वाटा पुढे सरकारी सेवेच्या स्पर्धापरीक्षांस, कारखान्यांस अथवा उच्च अध्ययनास मिळतात. पहिल्या मार्गास कमी लेखण्याची जी रीत घराघरांत पडली आहे तिला शास्त्राचा आधार नाही.

आता या लेखाच्या खऱ्या प्रयोजनाकडे वळतो. मध्यप्रदेशातील मालकी हक्क नष्ट करणाऱ्या 1950 च्या कायद्यान्वये 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे आले. ते जनतेच्या मालकीचे झाले हे न्याय्यच झाले. परंतु तलाव गेले आणि तलावाचे कागद मालगुजारांच्या वाड्यांतच राहिले. पाळ कोणत्या साली फुटली, माती कोठून आणली, तुडुम कोणत्या नक्षत्रात उघडावयाचे, कोणाच्या बांधीस पाणी आधी, ही माहिती त्या कागदांत होती. आज 'माजी मालगुजारी तलाव' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तलावांची दुरुस्ती करावयाची तर अभियंत्यास तीच माहिती हवी असते.

येथे आम्हांस आमच्या एका प्रमादाची कबुली दिली पाहिजे. अनेक वर्षांपूर्वी या भागातील एका वाड्यात मोडी कागदांची एक पेटी आम्ही पाहिली. वरचीच काही पाने चाळली. त्यांत एका तलावाच्या पाळीवरील मजुरीचा हिशेब होता. आम्ही शोधीत होतो दानपत्रे व वंशावळी. मजुरीच्या हिशेबात आम्हांस रस वाटला नाही, आणि नक्कल करण्याचे काम आम्ही पुढील सुटीवर टाकले. पुढील सुटीत गेलो तो वाडा विकला गेला होता व पेटीतील कागद रद्दीच्या भावाने गेले होते. आज तो तलाव गाळाने अर्धा भरला आहे आणि पाळीच्या पोटात दगड आहे की नुसती माती, हे सांगू शकणारा कोणीही उरला नाही. दोष वाड्याच्या मालकाचा नव्हे. कागद हाती असून जो ते वाचू शकत होता त्याचा.

म्हणून संग्राहक बंधूंस आमची विनंती आहे. सनदा, ताम्रपट, पोथ्या यांच्या शोधार्थ आपण वाड्यावाड्यांतून फिरता. तेव्हा तलाव, बोडी, पाट, निस्तार यांसंबंधीचा कागद, मग तो चिठोरीएवढा का असेना, बाजूस टाकू नये. मूळ मिळत नसेल तर छायाचित्र घ्यावे. मोडी असेल तर बाळबोधात उतरून गावाचे व तलावाचे नाव स्पष्ट लिहावे, आणि एक प्रत त्या गावच्या ग्रामपंचायतीस द्यावी. त्या कागदाचा खरा वाचक तेथे आहे.

त्या मुलीस आम्ही शाखा सुचविली नाही. एवढेच सांगितले की, प्रत्येक शाखा कोणत्या तरी कामासाठी निघाली. तू प्रथम आपल्या आजूबाजूचे काम पाहा आणि मग शाखा निवड. पावसाळ्यापूर्वी एकदा तिला घेऊन आम्ही एका पाळीवर गेलो. तिने पावलांनी पाळीची लांबी मोजली, सांडव्याची उंची दोरीने घेतली आणि आम्हांस विचारले की पाळ पूर्वपश्चिम का आहे. वराहमिहिराचे उत्तर आम्ही सांगितले. ती म्हणाली, "गुरुजी, पण वारा इकडे कोणत्या दिशेने जास्त असतो ते कोणी मोजले आहे का?" चाळीस वर्षे बृहत्संहिता वाचून हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता. तिने स्थापत्य शाखेस प्रवेश घेतला आहे. आम्ही मोडी वाचून द्यावयाचे आणि तिने मापे घ्यावयाची, असा आमच्यात करार झाला असून, पहिल्या तलावाचे टिपण तयार होताच ते याच त्रैमासिकाकडे पाठविण्याचा संकल्प आहे.